हिवाळे साहेबांचा आठवा खटला

हिवाळे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जालन्यात, मस्तगडच्या केशकर्तनालयात. मी एका खुर्चीत होतो, ते शेजारच्या. न्हाव्याने त्यांच्या गळ्याभोवती फडकं बांधलं, कात्री उचलली, तेवढ्यात हे गृहस्थ आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाले, "संपूर्ण नाव?"

न्हाव्याने नाव सांगितलं.

"वय?"

"असंल चाळीस."

"असंल नको. नक्की काय ते सांगा. धंदा?"

न्हाव्याने हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "साहेब, मी तुमची हजामत करून राह्यलो. मी कुणाचं काय वाईट केलं?"

"तसं न्हाई. ज्याच्या हातात आपली मान द्यायची, त्याचा रकाना मोकळा नसावा," हे म्हणाले आणि निवांत डोळे मिटून बसले. न्हाव्याचा हात मात्र त्या दिवशी भलताच जपून चालला. मला वाटलं हा माणूस शिरगणतीवाला असावा, नाहीतर वेडा तरी.

दोन दिवसांनी तोच माणूस हातात नेमणुकीचा कागद घेऊन आमच्या ऑफिसात उभा राहिला. उत्तम हिवाळे, नवे सहायक सरकारी वकील. मूळ गाव वडीगोद्रीजवळचं, वय तीस. अंगातला काळा कोट कुण्या निवृत्त वकिलाचा असावा, कारण बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी त्या ऑफिसातला टंकलेखक. आमच्या घराण्यात बापापर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली. मी अक्षरं राखायला लागलो, आणि तीही अधूनमधून भलतीकडे जातातच. साहेबांनी मलाही संपूर्ण नाव, वय आणि राहणार विचारून घेतलं आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी नुसता 'कोल्हे' झालो.

आणीबाणी नुकतीच उठली होती. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादेचा तालुका होता. आमचं ऑफिस म्हणजे कोर्टाच्या बाजूच्या दोन खोल्या, मध्ये फळ्यांची भिंत. अलीकडच्या खोलीत मी, माझा टाईपरायटर, हिवाळे साहेबांचं टेबल आणि साक्षीदारांसाठी एक बाक. पलीकडे वरिष्ठ सरकारी वकील, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. अस्पृश्यतेच्या जुन्या कायद्याला सरकारने त्याच सुमाराला नागरी हक्क संरक्षण असं नवं नाव दिलं होतं आणि शिक्षाही वाढवली होती. त्या कायद्याचे सगळे खटले मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हिवाळे साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यात काही सन्मान नव्हता. ते खटले कुणी जिंकत नसे, म्हणून नव्या माणसाला दिले होते.

साहेबांना मोकळा रकाना बघवत नसे. वाचनालयाचा फॉर्म असो की एस.टी.च्या पासाचा, प्रत्येक रकाना भरल्याशिवाय ते सही करत नसत. 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात त्यांनी एकदा 'प्रलंबित' असं लिहिलं, आणि वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की काही कोर्टकचेरी चालू आहे का. 'धर्म' या रकान्यात ते टपोऱ्या अक्षरात 'बौद्ध' लिहीत. कुणी 'नवबौद्ध' लिहिलं तर त्यातला 'नव' खोडत. म्हणत, "वीस वर्षं झाली कोल्हे. वीस वर्षांच्या माणसाला कुणी तान्हं म्हणतं का?"

दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे 'हे रेकॉर्डवर घ्या.' कँटीनच्या चहात साखर कमी पडली की ते कप खाली ठेवत आणि म्हणत, "कोल्हे, चहा फिका आहे. हे रेकॉर्डवर घ्या." गाडी उशिरा आली, रेकॉर्डवर घ्या. मोठे साहेब हसले, रेकॉर्डवर घ्या. मी सुरुवातीला खरंच कागद ओढून घेत असे.

ते मस्तगडला एका हाजीसाहेबांच्या माडीवर खोली घेऊन राहत. एके दिवशी सकाळी सकाळी हाजीसाहेब काठी घेऊन जिना चढले, कारण वरून आरडाओरडा ऐकू येत होता. 'खोटं बोलता तुम्ही! त्या दिवशी तुम्ही गावातच नव्हता!' दार ढकललं तर खोलीत साहेब एकटेच, बनियनवर, आणि समोर खुंटीला तो काळा कोट.

"वकीलसाब, किससे झगड रहे थे?"

"विरुद्ध पक्षाशी," साहेब म्हणाले.

हाजीसाहेबांनी कोटाकडे एकदा नीट पाहिलं आणि ते खाली गेले. मला ही हकीकत त्यांनीच सांगितली आणि वर म्हणाले, "मेरेकू गवाह मत बनाना, बस."

हे सगळं खटल्याच्या तयारीसाठी चाले. साक्षीदाराला कोर्टात भीती वाटू नये म्हणून साहेब आदल्या दिवशी त्याला ऑफिसात बोलावत, माझ्या टेबलाला साक्षीदाराचा पिंजरा करत आणि स्वतः आरोपीचे वकील होत. पण ते आरोपीचे वकील इतके मनापासून होत, की साक्षीदाराची बोबडी वळे. एक जण पाणी पिऊन येतो म्हणून गेला तो थेट बसस्टँडवर सापडला. मी म्हटलं, साहेब, जरा सबुरीनं. तर म्हणाले, "उद्या ते सबुरीनं विचारणार न्हाईत."

बोलणं बरोबर होतं, पण त्याचा उपयोग होत नव्हता. वर्षभरात त्यांनी सात खटले चालवले आणि सातही आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार बिचारे ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच शेतात रोजाने जाणारे. कोर्टात उभे राहिले की त्यांना काहीच आठवत नसे. पोलिसांनी काय लिहिलं ते ठाऊक न्हाई, मी तर त्या दिवशी पाव्हण्याकडे गेल्तो, असं म्हणत आणि साहेबांची नजर चुकवून निघून जात. साहेब त्यांच्यावर कधी रागावले नाहीत. निकालाच्या दिवशी मात्र ते डबा न उघडताच परत न्यायचे. मी ते बघत असे आणि त्यावरही काहीतरी थट्टा करत असे. आता त्याचं वाईट वाटतं.

आठवा खटला गयाबाईचा होता.

गयाबाई बदनापूरपासून पाच-सहा मैलांवरच्या एका खेड्यातली. पन्नाशीची, विधवा, अंगाने काटकुळी. तिच्या गावात पिठाची एकच गिरणी होती, डिझेलच्या इंजिनावर चालणारी. गिरणीत एकाचं दळण संपून दुसऱ्याचं पडलं की आधीच्याचं मूठभर पीठ पुढच्याच्या पिठात येतंच. तेवढ्यासाठी गिरणीवाला बौद्धवाड्याची दळणं सगळ्यात शेवटी घ्यायचा. सकाळी आठला टोपलं ठेवलं तरी नंबर लागायचा संध्याकाळी, तोही इंजिनात डिझेल उरलं तर. एक दिवस गयाबाईने आपला नंबर आल्यावर आपली ज्वारी स्वतःच गिरणीच्या तोंडात ओतली. गिरणीवाल्याने इंजिन बंद केलं, ज्वारी उपसली आणि रस्त्यावर फेकली. तिने ती मातीतून वेचली, टोपल्यात भरली आणि ते टोपलं डोक्यावर घेऊन तशीच पोलीस ठाण्यात गेली.

ती फितूर होणार नव्हती. ती बदनापूरच्या शेतकी केंद्रावर रोजाने जायची, म्हणून गावातल्या कुणाच्या शेतावर तिचं पोट नव्हतं. साहेबांनी तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली तेव्हा तिनेच त्यांना घाम फोडला.

"तुम्ही मुद्दाम भांडण काढलं," साहेब गरजले.

"भांडण कशाला काढू? जवारी काढून नेल्ती."

"दुसऱ्या गिरणीत का गेला नाहीत?"

"तुमी दुसऱ्या कोर्टात का जात न्हाई? हेच जवळ हाये म्हणून ना?"

साहेब खूश झाले. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना टेबलावर बोटं वाजवताना पाहिलं. मग त्यांनी फाईल उघडली, फिर्यादीचा कागद काढला आणि त्यांची बोटं थांबली. हवालदाराने सवयीने लिहून टाकलं होतं, 'धर्म-जात: हिंदू महार.'

इथे कायद्यातली एक गाठ सांगायला हवी. फिर्यादी अनुसूचित जातीचा असेल, तर कोर्टाने आधीच धरून चालायचं, की जे झालं ते अस्पृश्यतेपोटीच झालं. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. पण अनुसूचित जातींच्या यादीत त्या वेळी बौद्धांना जागा नव्हती. बाईने कोर्टात 'हिंदू महार' म्हटलं तर गिरणीवाला अडकतो. 'बौद्ध' म्हटलं तर गिरणीवाला म्हणणार, बाई नंबर सोडून घुसली म्हणून ज्वारी काढली, जातीचा काय संबंध? आणि त्याच्या मनात काय होतं ते आम्ही सिद्ध करत बसणार. गावातलं कोण येऊन सांगणार होतं?

साहेबांनी हे सगळं गयाबाईला समजावून सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना त्यांचा आवाज मात्र आरोपीच्या वकिलाचा नव्हता, स्वतःचाही नव्हता.

गयाबाईने ऐकून घेतलं. "म्हंजे मी हिंदू महार म्हणलं तर जिंकतो?"

"बहुतेक."

"मंग हरू," ती म्हणाली. "छप्पन सालानंतर घरातले देवाचे टाक मी या हातानं दुधना नदीत सोडले. सासू महिनाभर बोलली न्हाई माझ्याशी. तवापासून आजपर्यंत कुणी इचारलं तर एकच सांगत आले. आता गिरणीवाल्यापायी बदलू व्हय?"

साहेब खुर्चीवरून उठले. "बराबर आहे मावशी. बिलकुल बराबर. कोल्हे, हे रेकॉर्डवर घ्या." आणि त्यांनी लगेच मला पोलीस ठाण्याला पत्र सांगितलं, की फिर्यादीतला धर्म चुकीचा आहे, दुरुस्त करावा. मी ते टाईप केलं आणि सहीसाठी आत नेलं.

मोठ्या साहेबांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे न देता फाईलखाली सरकवलं. हिवाळे साहेबांना बोलावलं. मोठे साहेब दुष्ट नव्हते. त्यांचा आवाज मात्र मोठा होता आणि भिंत फळ्यांची होती.

"एक शब्द आहे हिवाळे. पोलिसांनी लिहिलाच आहे. बाईला तो म्हणायला सांगा आणि मोकळे व्हा."

"साहेब, ती बौद्ध आहे."

"मला कळतं ती कोण आहे. तुम्ही परिविक्षेवर आहात. मार्चमध्ये तुमची मुदत संपते आणि तुमच्या कामावर शेरा मला लिहायचाय. सातात सात गेले. आठवाही गेला तर मी काय लिहू? कायम करा, असं कोणत्या तोंडानं लिहू?"

हिवाळे साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी बाकाकडे पाहिलं. गयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत फळ्यांच्या भिंतीकडे बघत बसली होती. मला तिला म्हणायला हवं होतं, की मावशी, जरा बाहेर बसा. मी टाईपरायटरमध्ये नवा कागद घातला आणि गप्प बसलो. ते पत्र फाईलखालीच राहिलं, आणि तेही मी साहेबांना सांगितलं नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. गिरणीवाल्याचे भाऊबंद पुढच्या बाकांवर दाटीने बसले होते. गयाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. कारकुनाने नेहमीच्या सुरात विचारलं, नाव, वय, धंदा, राहणार. तिने सगळं ठणठणीत सांगितलं.

"धर्म?"

तिने हिवाळे साहेबांकडे पाहिलं, अगदी क्षणभर.

"हिंदू महार," ती म्हणाली.

कारकुनाने ते लिहिलं आणि हिंदू म्हणून तिला ईश्वराची शपथ दिली. ईश्वरसाक्ष खरे सांगेन, हे शब्द तिने एकेक करून त्याच्यामागून म्हटले.

हिवाळे साहेब खुर्चीवरून अर्धे उठले होते. एक हात टेबलावर, कोटाची बाही बोटांवर आलेली. दुसऱ्याच्या फॉर्मवरचा चुकीचा रकाना खोडायला पेन मागून घेणारा हा माणूस. मला वाटलं आता बोलणार.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान वर केली. "सरकार पक्षाला काही म्हणायचं आहे?"

पंखा चालू होता तेवढा आठवतो.

"नाही," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

आरोपीचे वकील मुरलेले होते. त्यांनी उलटतपासणीत पहिलाच प्रश्न टाकला, "बाई, तुमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे की नाही?"

"हाये की. ह्यांच्या गिरणीत आगगाडीच्या इंजनाचं क्यालेंडर हाये. मंग हे काय डायवर हायेत का?"

सगळं कोर्ट हसलं, गिरणीवाल्याचे भाऊबंदसुद्धा. मॅजिस्ट्रेट साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. मीही हसलो. हसले नाहीत ते दोघंच, गयाबाई आणि हिवाळे साहेब.

साक्ष संपल्यावर साहेबांनी तिला व्हरांड्यात गाठलं. मी फाईल घेऊन मागे होतो.

"मावशी, हे का केलं तुम्ही? आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं."

"मंग?"

गयाबाईने पायात चपला सरकवल्या. "त्या फळ्याच्या आडून ऐकलं मी सगळं. माझी जवारी तर गेलीच. पर तुमी उद्या इथं न्हाई राह्यले, तर पुढच्या बाईसाठी कोण उभं राहीन? तुमच्याआधी कोणी आल्तं का उभं राह्याला?" आणि मग थोड्या हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं तुमी उठून सांगतान. म्हणतान, ही बाई बुद्ध हाये. उठल्ते बी तुमी."

तिला गाडी गाठायची होती. ती लगबगीने फाटकाबाहेर पडली आणि साहेब तिथेच खांबाशी उभे राहिले. मी त्यांना चहाला चला म्हटलं, पण त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

गिरणीवाल्याला महिन्याची कैद आणि दंड झाला. मोठ्या साहेबांनी सगळ्या ऑफिसला पेढे दिले आणि हिवाळे साहेबांची पाठ थोपटली. साहेबांनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. त्या दिवसापासून ते शांत झाले. साक्षीदारांची तयारी करून घेत, पण गरजत नसत. कँटीनचा चहा फिका असला तर फिकाच पीत. मी दोन-तीनदा मुद्दाम विचारलं, "साहेब, रेकॉर्डवर घेऊ का?" तर नुसती मान हलवली. थट्टा करायला समोरचा माणूस जाग्यावर असावा लागतो, हे मला तेव्हा कळलं.

मार्च संपता संपता एका शनिवारी दुपारच्या टपालाने त्यांच्या नावाचं सरकारी पाकीट आलं. साहेब तोवर घरी गेले होते. आत काय असणार ते मला माहीत होतं, कारण त्यांना कायम करण्याची शिफारस मीच टाईप केली होती. बातमी सगळ्यात आधी आपण द्यावी म्हणून रविवारी सकाळी मी मस्तगडला गेलो. हाजीसाहेब ओट्यावर बसले होते.

"वकीलसाब? हर इतवार बदनापूर जाते. पहली गाडीसे," ते म्हणाले.

दर रविवारी? आम्हाला तर ते कधी बोलले नव्हते. मी पुढची पॅसेंजर पकडली, बदनापूरला उतरलो आणि चालत त्या गावी गेलो. गाव लागताना गिरणी दिसली. चालू होती. दारात टोपल्यांची रांग होती आणि मधूनच एक बाई म्हणत होती, "माझा नंबर हाये, बराबर बघा." त्या रांगेत कोण कुठल्या वाड्यातलं, ते मला ओळखता आलं नाही.

बौद्धवाड्याच्या टोकाला पत्र्याचं एक छोटं विहार होतं. आत रविवारची वंदना चालू होती. बाया, माणसं, लेकरं सगळी आत होती. बाहेर, दारापासून पाच-सात हातांवर, लिंबाखाली भुईवर गयाबाई बसली होती. तिला कुणी बाहेर काढलं नव्हतं. आतून एक म्हातारी दोनदा येऊन तिला हाताला धरून बोलावून गेली, ती मान हलवून तशीच बसून राहिली. आणि तिच्याशेजारी मांडी घालून हिवाळे साहेब बसले होते. अंगात कोट नव्हता, साधा पांढरा सदरा होता. दोघांनी हात जोडले होते.

मी लांबच थांबलो. आत पंचशील सुरू झालं. मला त्यातलं काही कळत नाही, आमच्या घरी ते नव्हतं. पण ते दोघं बाहेर बसून आतल्या आवाजांबरोबर पुटपुटत होते ते दिसत होतं. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग आत चौथी सुरू झाली आणि या दोघांचे ओठ मिटले. आधी गयाबाईचे, मग साहेबांचे. आतले आवाज ती ओळ म्हणून पुढे गेले. पाचवीला दोघं पुन्हा म्हणायला लागले.

वंदना संपल्यावर साहेबांनी मला पाहिलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, की माझ्यावर रागही आला नाही. आम्ही बरोबर स्टेशनाकडे निघालो. बरंच चाललो तेव्हा मी विचारलं, की साहेब, मधली ती एक ओळ तुम्ही दोघांनी का सोडली?

"चौथं शील आहे ते," साहेब म्हणाले. "मी खोटं बोलणार न्हाई, असा त्याचा अर्थ. मावशी त्या दिवसापासून ते म्हणत न्हाई आणि आतही जात न्हाई."

"पण खोटं त्या बोलल्या, साहेब. तुम्ही तर काहीच बोलला नाहीत."

"तेच तर," ते म्हणाले.

पाकीट माझ्या खिशात होतं. वाटेत दोनदा हात तिथपर्यंत गेला, पण ते बाहेर काढायची हिंमत झाली नाही. सोमवारी ते यायच्या आधी ऑफिस उघडलं आणि बाकीच्या टपालात मिसळून त्यांच्या टेबलावर ठेवून दिलं.